शंखातलं बिऱ्हाड : फिश टँक शोभेला नको, पाहायला हवा



मुलाचा वाढदिवस आला की अनेक घरांत एक गोल काचेचं भांडं येतं. त्यात दोन गोल्डफिश, तळाला निळे-गुलाबी खडे आणि एखादं प्लॅस्टिकचं झाड. पहिले चार दिवस मूल भांड्यासमोरून हलत नाही. दुसऱ्या आठवड्यात पाणी गढूळ होतं. मग एक मासा पाण्याच्या वर तोंड आणून उघडझाप करायला लागतो. महिनाभरात भांडं रिकामं होऊन माळ्यावर जातं. नाहीतर मूल शाळेत गेलेलं असताना मोठी माणसं गुपचूप तसाच दुसरा मासा आणून सोडतात, म्हणजे रडारड नको.

मला सांगा, या सगळ्यातून मूल काय शिकलं? जीव म्हणजे शोभेची वस्तू, आणि ती संपली की बदलून आणता येते, हेच ना? परिसर अभ्यासाच्या तासाला आपण "सजीवांची काळजी घ्या" असं फळ्यावर लिहितो आणि घरी नेमका उलटा धडा देतो. वास्तविक गोल्डफिश हा वीतभर वाढणारा मासा आहे. नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. भांड्यात तो मरतो याचं कारण मासा नाजूक असतो हे नाही. ते भांडं माशासाठी बनवलेलंच नसतं, हे आहे.

आणि दुसरी गोष्ट. तो मासा जिवंत असेपर्यंत तरी मुलाला काय दिसतं? गोल गोल फिरणारा मासा. त्याला लपायला जागा नाही, करायला काम नाही. मग पाहण्यासारखं काय उरतं? चार दिवसांत मूल कंटाळतं, तो मुलाचा दोष नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. घरी फिश टँक ठेवायचाच असेल तर तो शोभेसाठी ठेवू नये, पाहण्यासाठी ठेवावा. आणि माशाला त्याचं स्वतःचं घर मिळालं, तरच पाहण्यासारखं काही घडतं. माशाचं भलं आणि मुलाचं शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. हे पटवून द्यायला मी एका छोट्या माशाचं उदाहरण घेणार आहे. हा मासा रिकाम्या शंखात संसार मांडतो.

हे मासे कोण, कुठले?

आफ्रिकेच्या पूर्व भागात टांगानिका नावाचं सरोवर आहे. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया असे चार देश त्याच्या काठावर आहेत. लांबी सुमारे ६७० किलोमीटर, म्हणजे नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ रेघ मारली तर जवळजवळ तेवढीच. सर्वांत जास्त खोली १,४७० मीटर. सैबेरियातल्या बैकल सरोवरानंतर जगातलं हेच सर्वांत खोल सरोवर. वय तर एक कोटी वर्षांच्या घरातलं. इतका प्रदीर्घ काळ मिळाल्यामुळे इथे सिक्लिड कुळातल्या माशांच्या दोनशेहून अधिक जाती तयार झाल्या. त्यातल्या जवळपास सगळ्या जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत.

'सिक्लिड' हे नाव ऐकून दचकू नका. हे कूळ आपल्या ओळखीचं आहे. उजनीच्या जलाशयातली चिलापी सिक्लिडच आहे. ती मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणली गेली. गोव्यात जिला काळुंदर म्हणतात आणि केरळात करीमीन, तीही सिक्लिडच, आणि ती तर अस्सल आपली. २०१० पासून ती केरळचा राज्यमासा आहे. या कुळाची एक ठळक खूण म्हणजे पिल्लांची काळजी. बहुतेक मासे अंडी टाकून मोकळे होतात. सिक्लिड मात्र अंडी राखतात, पिल्लांवर पहारा देतात. चिलापीची मादी तर अंडी तोंडात धरून फिरते.

आता टांगानिकाकडे परत जाऊ. या सरोवरात निओथॉमा नावाची गोगलगाय राहते. ती मेली की तिचा शंख तळाशी पडून राहतो. सरोवराचं पाणी अल्कधर्मी, सामू साधारण ९ च्या आसपास, आणि त्यात क्षारही भरपूर. अशा पाण्यात शंख लवकर विरघळत नाही. त्यामुळे काही ठिकाणी वाळूवर शंखांचे मोठमोठे पट्टेच्या पट्टे साचले आहेत. तिथे आडोसा घ्यायला खडक नाही, झाडोरा नाही. वरून मोठे मासे फिरताहेत. अशा उघड्या मैदानात लहान माशानं राहायचं कुठे? उत्तर सोपं आहे. जे रिकामं घर पडलंय, त्यात.

शंखात राहणाऱ्या माशांच्या अनेक जाती तिथे आहेत. त्यातली घरच्या टाकीला सर्वांत योग्य म्हणजे निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. पाळणारे तिला लाडानं नुसतं 'मल्टी' म्हणतात. अंगावर बारीक उभे पट्टे. नर साडेचार-पाच सेंटीमीटरचा, मादी त्याहून लहान, तीन-साडेतीन सेंटीमीटरची. जगातल्या सर्वांत लहान सिक्लिडमध्ये तिची गणना होते. म्हणजे पूर्ण वाढलेला मासा आपल्या करंगळीपेक्षा मोठा नाही.

काम असलेला मासा

या माशांच्या टाकीसमोर बसलं की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे, की कोणी रिकामं नाही. एक मासा शंखाच्या तोंडाशी वाळू तोंडात भरतो, थोडं दूर जातो, थुंकतो, परत येतो. पुन्हा तेच. असं तासन्‌तास चालतं. काही दिवसांत शंखांभोवती खड्डे तयार होतात, दोन खड्ड्यांमध्ये वाळूचे बांध उभे राहतात. तुम्ही सपाट पसरलेली वाळू आठवड्यानं ओळखू येत नाही. एखादा शंख आपण हलवला, की ते पुन्हा खणायला लागतात.

प्रत्येक माशाचा शंख ठरलेला असतो. धोका वाटला की क्षणात तो आपल्याच शंखात शिरतो, शेजारच्याच्या नाही. शेजाऱ्यांमध्ये हद्दीवरून कुरबुरी होतात. पर उभारायचे, अंगावर धावून जायचं, मग दोघांनी मागे फिरायचं. बहुतेक वेळा जखमा होत नाहीत. चाळीतल्या नळावरच्या भांडणासारखं, आवाज मोठा आणि नुकसान कमी.

मादी अंडी घालते ती शंखाच्या आत. आपल्याला काहीच दिसत नाही. मग एके दिवशी शंखाच्या तोंडाशी तांदळाच्या कणीएवढी पिल्लं दिसतात. पहिल्यांदा ती शंखापासून बोटभरही लांब जात नाहीत. हळूहळू त्यांची फेरी वाढते. विशेष म्हणजे ही पिल्लं मोठी झाली तरी लगेच हाकलली जात नाहीत. थोरली भावंडं, मधली, धाकटी आणि आईबाप, सगळे त्याच वस्तीत राहतात. आपल्याकडे एकत्र कुटुंबं आता फारशी उरली नाहीत, पण ती इथे साठ सेंटीमीटरच्या काचेत बघायला मिळतात.

दुसरी एक जात आहे, लॅम्प्रोलोगस ओसेलेटस. हिचा स्वभाव एकदम वेगळा. ही वस्ती करून राहत नाही, एक मासा आणि त्याचा एक शंख. शंख वाळूत असा पुरते की फक्त तोंड उघडं राहावं. स्वच्छतेसाठी आपण टाकीत हात घातला तर पाच-सहा सेंटीमीटरचा हा मासा थेट बोटावर धावून येतो. तिसरी जात लॅम्प्रोलोगस कॅलिप्टेरस. हिचा नर रिकामे शंख तोंडात धरून ओढून आणतो आणि एका जागी ढीग घालतो. त्या शंखांत माद्या येऊन अंडी घालतात. नर मादीच्या सुमारे बारापट वजनदार असतो, कारण त्याला शंख उचलता यायला हवा आणि तिला शंखात मावता यायला हवं. ही जात छोट्या टाकीची नाही, पण वर्गात सांगायला याच्याइतकं छान उदाहरण सापडणार नाही. "शरीराचा आकार आणि अधिवास यांचा संबंध" हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा ही गोष्ट सांगा, मुलं विसरणार नाहीत.

आणि लक्षात घ्या, यातलं काहीही शंख आणि वाळूशिवाय दिसणार नाही. हेच मासे रंगीत खड्यांच्या टाकीत सोडले तर कोपऱ्यात दबून बसतील. घर काढून घेतलं की वागणं जातं, आणि वागणं गेलं की शिकण्यासारखं काही उरत नाही.

'दिसलं' आणि 'वाटलं' यांतला फरक

शिक्षक म्हणून मला ही टाकी हवीशी वाटते ती मुख्यतः या कारणासाठी.

मुलाला टाकीसमोर बसवा आणि पाच मिनिटांत जे दिसलं ते लिहायला सांगा. बहुतेक मुलं लिहितील, "मोठा मासा रागावला. छोटा मासा घाबरला. आईनं बाळाला घरात घेतलं." आता मुलाला एकच प्रश्न विचारा, "राग तुला दिसला का? कुठे दिसला?" मूल थांबतं. पुन्हा बघतं. मग लिहितं, "मोठ्या माशानं पाठीवरचा पर उभा केला आणि लहान माशाकडे वेगानं गेला. लहान मासा शंखात शिरला. साधारण दहा सेकंदांनी बाहेर आला." पहिलं वाक्य म्हणजे अंदाज, दुसरं म्हणजे निरीक्षण. विज्ञानाची सुरुवात या फरकापासून होते, आणि तो फरक व्याख्या पाठ करून कळत नाही. आता "रागावला" हा शब्द टाकून द्यायचा असं नाही. पण तो वहीच्या दुसऱ्या रकान्यात, 'मला काय वाटतं' या मथळ्याखाली जायला हवा.

यासाठी महागडं साहित्य लागत नाही. एक वही, घड्याळ आणि पेन्सिल पुरे. तिसरी ते आठवीच्या मुलांना देता येतील असे काही प्रश्न :

• कोणता मासा कोणत्या शंखात जातो? शंखांना क्रमांक देऊन नकाशा काढा. आठवड्यानं पुन्हा काढा. काय बदललं?
• एक मासा पाच मिनिटांत किती वेळा वाळू उचलतो? सकाळी आणि संध्याकाळी मोजून स्तंभालेख काढा.
• दोन शंखांमध्ये किती अंतर असलं की भांडण होतं, किती अंतर असलं की होत नाही?
• पिल्लू शंखापासून किती लांब गेलं? रोज पट्टी काचेला लावून मोजा. पंधरा दिवसांचा रेषालेख काढा.
• खायला टाकण्यापूर्वी मासे कुठे होते? टाकताना कुठे गेले? माणूस ओळखतात का? हे कसं तपासाल?

शेवटचा प्रश्न मुद्दाम अवघड ठेवला आहे. "ओळखतात" असं म्हणायला काय पुरावा लागेल, यावर सातवीची मुलं चांगला अर्धा तास वाद घालू शकतात. घालू द्या.

इथे एका मोठ्या माणसाची आठवण सांगायलाच हवी. नेदरलँड्सचे निको टिनबर्गन. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली कोनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. लहानपणी त्यांच्या घराच्या परसात दोन छोट्या टाक्या होत्या. त्यात स्टिकलबॅक नावाचे साधे, बोटभर लांबीचे मासे दर वसंतात घरटं बांधायचे आणि ते ते बघत बसायचे. पुढे शाळेत निसर्गविज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळायचं काम त्यांच्यावर आणि काही मुलांवर सोपवलं. मधल्या सुट्टीत हा मुलगा मैदानात न जाता टाक्यांपाशी थांबतो, याबद्दल त्या शिक्षकांनी मुख्याध्यापकांची समजूतही घातली. नोबेल मिळाल्यावर लिहिलेल्या आत्मवृत्तात टिनबर्गन यांनी या शिक्षकांचा नावानिशी उल्लेख केला आहे. आपल्या वर्गातला प्रत्येक जण नोबेल मिळवणार नाही, हे मान्य. पण मधली सुट्टी टाकीपाशी घालवू देणारा शिक्षक तर आपण होऊ शकतो, नाही का?

टाकी लावायची तर

आता व्यवहाराचं बोलू. मल्टीसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी पुरते. त्यात साधारण ५५ लिटर पाणी बसतं. म्हणजे नुसतं पाणीच ५५ किलो, शिवाय वाळू आणि काच. तेव्हा डुगडुगत्या टेबलावर ठेवू नका. या माशांना उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची, हे दुकानदाराला आधीच सांगा, नाहीतर तो उंच टाकी गळ्यात मारेल.

वाळू. बारीक, धुतलेली, तळाला पाच ते सात सेंटीमीटर थर. खडे नकोत, ते माशाला तोंडात धरून हलवता येत नाहीत.

शंख. एका माशामागे दोन-तीन तरी हवेत. सहा-आठ मासे असतील तर वीस शंख हवेतच. तोंड साधारण दोन-अडीच सेंटीमीटरचं. भाताच्या खाचरात, तळ्याकाठी मेलेल्या गोगलगाईंचे गोल शंख मिळतात, ते चालतात. उकळून, स्वच्छ करून, आत काही कुजकं राहिलं नाही ना हे पाहून मगच घाला. जिवंत गोगलगाय यासाठी मारू नका. समुद्रकिनाऱ्यावर उचलत असाल तर आत खेकडा नाही ना ते बघा. काही सागरी शंखांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून शोभेच्या दुकानातले मोठे शंख घेण्याच्या फंदात पडू नका.

पाणी. इथे आपल्यापैकी अनेकांना एक सुखद धक्का बसेल. बोअरचं जड पाणी, ज्यात डाळ शिजत नाही आणि बादलीवर पांढरा थर धरतो, ते बहुतेक शोभेच्या माशांना मानवत नाही. टांगानिकाच्या माशांना मात्र असंच दुष्फेन पाणी हवं असतं. सामू ८ ते ९ च्या दरम्यान असावा. नळाचं पाणी सुफेन असेल तर कोंबड्यांना घालतात तो शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून टाकीत ठेवा. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते काढणारं औषध दुकानात मिळतं, ते घातल्याशिवाय पाणी टाकीत ओतू नका. आणि सामू मोजायचं किट घ्याच. अंदाजपंचे काम नको.

गाळणी. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सर्वांत बरा. स्वस्त असतो, आणि पिल्लं आत ओढली जात नाहीत. जिथे वीज वारंवार जाते तिथे बॅटरीवरचा एक छोटा पंप हाताशी असू द्या.

तापमान. २४ ते २७ अंश सेल्सिअस. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलटा प्रश्न येतो. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा लागेल असं बघा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, वाट पाहणं. टाकी आज आणली आणि मासे आजच सोडले, ही सर्वांत महागात पडणारी घाई. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं. हे जिवाणू स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करायला साधारण तीन ते सहा आठवडे घेतात. तोवर टाकीत मासे नाहीत, फक्त पाणी, वाळू, शंख, चालू फिल्टर आणि जिवाणूंना सुरुवात म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य. किटवर आधी अमोनिया वाढलेला दिसायला हवा, मग नायट्राइट, आणि शेवटी दोन्ही शून्यावर यायला हवेत. त्यानंतरच मासे आणायचे. आपल्या टाकीत तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण पाणी अल्कधर्मी असलं की अमोनियाचं जास्त विषारी रूप वाढतं.

नायट्रोजन चक्र आपण आकृती काढून शिकवतो. इथे ते पुस्तकाबाहेर दीड महिना चालू असतं आणि मूल रोज त्याचे आकडे वहीत लिहू शकतं. रिकाम्या टाकीकडे दीड महिना बघत बसायला लावणं, हाच माझ्या मते या उपक्रमातला सर्वांत मोलाचा भाग आहे. दहा मिनिटांत सामान घरपोच येण्याच्या काळात मुलांना असं वाट पाहायला कोण शिकवणार?

मासे आल्यावर रोज दोन वेळा अगदी थोडं, बारीक केलेलं खाद्य. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, त्याच तापमानाच्या पाण्यानं. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरला तर क्लोरीनमुळे जिवाणू मरतात. आणि या टाकीत दुसरी कुठलीही जात नको. "अजून एक रंगीत मासा घेऊ या ना" हा मुलाचा हट्ट इथे प्रेमानं मोडायचा.

काही आक्षेप

*"परदेशी मासा कशाला? आपले मासे नाहीत का?"* प्रश्न रास्त आहे. दक्षिण भारतातला केशरी रंगाचा छोटा सिक्लिड फार सुंदर पालक आहे. त्याची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. ज्यांच्याकडे मोठी टाकी आहे त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. मल्टीचा फायदा इतकाच, की पूर्ण वस्तीचं जीवन दोन फुटांत मावतं. शिवाय ते घरच्या टाकीत सहज वाढतात, म्हणून सरोवरातून पकडून आणलेले मासे घ्यायची गरज नाही. सर्रास सगळ्या दुकानांत ते मिळत नाहीत. हौशी पाळकांकडे टाकीतच जन्मलेली पिल्लं आहेत का, ते विचारा आणि तीच घ्या.

*"काचेत कोंडणं हीच क्रूरता नाही का?"* हा आक्षेप मी सहज उडवून लावणार नाही. कोंडणं हे कोंडणंच. फक्त एवढं म्हणेन, की गोल भांड्यातला गोल्डफिश आणि वीस शंखांच्या वाळूत वस्ती करून राहिलेला मल्टी यांच्या कोंडण्यात फरक आहे. एकाला त्याच्या स्वभावातलं काहीच करता येत नाही, दुसऱ्याला बरंचसं करता येतं. मुलानं स्वतःहून हा प्रश्न विचारला तर उत्तर देऊन तो मिटवू नका. वहीत लिहून ठेवू द्या. असा प्रश्न पडला म्हणजे टाकीनं तिचं काम केलं.

*"मासे मेले तर मुलाला काय सांगायचं?"* खरं ते सांगायचं. तारीख लिहायची, पाणी तपासायचं, कारण सापडतंय का ते बघायचं, कुंडीत पुरायचं. रात्रीत दुसरा मासा आणून ठेवायचा नाही.

*"पिल्लं वाढत गेली तर?"* वाढणारच. म्हणून सुरुवातीलाच ठरवा, जास्तीची कोणाला देणार. दुसरी शाळा, दुसरं घर, ओळखीचा पाळक. पण विहिरीत, ओढ्यात, तळ्यात सोडायची नाहीत, कितीही पुण्याचं काम वाटलं तरी. शोभेच्या टाक्यांसाठी आणलेला सकर मासा आज देशातल्या अनेक जलाशयांत पसरलाय आणि मच्छीमारांची जाळी फाडतोय, तो असाच कोणीतरी 'मोकळा केलेला'. हा धडा टाकी आणण्यापूर्वीच द्यायला हवा.

*"अभ्यासाचं काय?"* रोजची दहा मिनिटं. मोजमाप, आलेख, नोंद, मराठीतून नेमकं वर्णन. हा अभ्यास नाही तर मग अभ्यास कशाला म्हणायचं?

शेवटी जबाबदारी कोणाची?

इथे पालकांशी थोडं स्पष्ट बोलते. "टाकी तुझी, काळजीही तूच घ्यायची" असं सांगून आठ वर्षांच्या मुलावर जीव सोपवू नका. मुलाला कंटाळा येणार, परीक्षा येणार, तो मामाकडे जाणार. पाणी बदलणं, विजेची जोडणी, सामू तपासणं, गावाला जाताना शेजाऱ्याला सांगणं, ही मोठ्यांची कामं. मुलाचं काम बघणं, मोजणं, लिहिणं आणि ठरलेलं चिमूटभर खाद्य टाकणं. मोठं माणूस न कंटाळता दर रविवारी बादली घेऊन उभं राहतंय, हे मूल बघत असतं. काळजी घेणं म्हणजे काय, ते मुलाला त्यातून कळतं.

शाळेतल्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. वर्गात टाकी ठेवायची असेल तर दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. त्या दिवसांत शाळेत रोज कोण येणार, कुलूप कोणाकडे, वीज बंद केली जाते का, याची उत्तरं नसतील तर वर्गात टाकी नको. त्यापेक्षा एखाद्या घरी टाकी असू द्या आणि गटागटानं मुलांना तिथे निरीक्षणाला न्या. वही मात्र सगळ्या वर्गाची एकच ठेवा.

आणि हे सगळं जमणार नसेल तर? तर टाकी आणूच नका. खिडकीबाहेरचा कावळा, भिंतीवरची पाल, अंगणातल्या मुंग्यांची रांग, हेही सगळे कामात असलेलेच जीव आहेत, आणि त्यांचं घर आपल्याला बांधून द्यावं लागत नाही. वही आणि घड्याळ तेच. पण येत्या वाढदिवसाला ते गोल भांडं मात्र नको. भेट द्यायचीच असेल तर आधी ती निरीक्षणाची वही द्या. महिनाभर मुलानं ती मनापासून भरली, तर मग टाकीचा विचार करा.